टेबलापाशी

टेबलापाशी बसणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत,
असा नियम आहे. बावीस हिवाळे मी तो पाळते.
वही आणि पेन. खोडरबर नाही.
शिट्टी सांगेल ते लिहायचं.

बाहेर उणे एकवीस, नॉर्थ डकोटातला फेब्रुवारी.
आत अठराशे माणसं, कोट मांडीवर,
आणि पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास
थेट स्कोअरबोर्डाच्या दिव्यांपर्यंत.

व्हर्लिन डाल्की ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो.
आठवड्यातून दोन रात्री पट्ट्यांचा शर्ट घालतो,
गुडघ्यांना बाम चोळून दीडशे मैल गाडी हाकतो,
आणि पहिल्या दोन मिनिटांत त्याला कळतं
की आज तो आंधळा आहे.
पोरं तसं सांगतात, एका सुरात, पाय आपटत.
तिसऱ्या रांगेतून डॉक्टर किटलसनही सांगतात.
दातांचे डॉक्टर. दिवसभर म्हणतात,
‘जरासं दुखेल हं,’ पिसासारख्या आवाजात.
रात्री त्याच तोंडातून जे निघतं
त्याला माझ्या वहीत रकाना नाही.

नऊ सेकंद उरलेले. आपण एका गुणाने पुढे.
(टेबलापाशी ‘आपण’ म्हणत नाहीत. घरचा संघ पुढे.)
त्यांचा पोरगा मुसंडी मारून आला,
डेमेट्रियस वाटेत उभा.
धडक. दोघंही आडवे. शिट्टी.

सगळा प्रश्न एवढाच:
पाय रोवलेले होते, की सरकत होते?

रोवलेले होते.
मी आठ फुटांवर होते.
बुटाच्या नाडीचं टोकसुद्धा हललं नव्हतं.

व्हर्लिनचे हात कमरेवर गेले,
म्हणजे दोष उभ्या राहिलेल्याचा.
आणि हात जाता जाताच त्याचा चेहरा उतरला.
सुटलेली शिट्टी गिळता येत नाही.

मग छपराचे पत्रे उडावेत तसा आवाज.
त्यात माझा भाचा कोल्बी, गालांना निळा रंग फासलेला.
त्याने कुठून तरी खोदून काढलं होतं
की व्हर्लिनची बायको ऑक्टोबरात त्याला सोडून गेली.
तिचं नाव त्याने घेतलं.
मग दोनशे पोरांनी घेतलं.
लो-रे-टा. लो-रे-टा. टाळ्यांच्या ठेक्यावर.

अडचण अशी, की ते बरोबर होते.
शिट्टीबद्दल म्हणते मी.
बरोबर असण्याची इतकी लाज
मला आधी कधी वाटली नव्हती.

दोन्ही फ्री थ्रो आत. मी लिहिले.
शेवटच्या सेकंदाला आमचा पोरगा बास्केटखाली पडला,
कुणी लावला असेल तर वारा लावला असेल.
अठराशे माणसं उभी: फेड! आता फेड!
फेडता आलं असतं त्याला.
एका चुकीवर दुसरी ठेवून पारडं सारखं,
दारापर्यंत लोक पाठ थोपटत गेले असते.
शिट्टी दातांत होती.
गाल फुगले नाहीत.
भोंगा वाजला.

बर्फाचा एक पेला माझ्या वहीजवळ येऊन फुटला.
डेमेट्रियसने चेंडू उचलला,
भिरकावला नाही, चालत आणून
व्हर्लिनच्या हातांत दिला.
‘सर, मी उभा होतो.’
‘हो,’ व्हर्लिन म्हणाला.
हे टेबलापाशीच ऐकू आलं, आणखी कुठे नाही.

गाडीची काच मी खरवडत होते.
पलीकडे व्हर्लिनची गाडी, इंजिन चालू, आतला दिवा लागलेला.
तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.
कोल्बीच्या गालांवर निळ्याला भेगा पडल्या होत्या.
‘मावशी, तू तर समोरच होतीस. चुकला ना तो?’
‘चुकला.’
‘मग?’

बर्फ जाड होतं.
त्याच्याकडेही एक खरवडणी दिली मी,
आणि व्हर्लिनच्या गाडीकडे बोट दाखवलं.
तो जागचा हलला नाही.